अ‍ॅप्रोचवरच्या रेडिओ संभाषणाची कार्यशाळा : दोन दिवस कंट्रोलरच्या खुर्चीत

विमान उतरायला येतं त्या टप्प्याला अ‍ॅप्रोच म्हणतात. त्या वेळी पायलट आणि जमिनीवरून सूचना देणारे कंट्रोलर यांच्यात होणाऱ्या रेडिओ संभाषणाची ही कार्यशाळा मी स्वतःच्या रजेत केली. कंपनीने पाठवलं नव्हतं आणि परवान्यासाठी ती सक्तीचीही नाही. मी आठ वर्षं फर्स्ट ऑफिसर (सहवैमानिक) म्हणून जेट विमानं उडवते आहे. रेडिओवर बोलणं हे माझं रोजचं काम. तरीही गेल्या वर्षी एका रात्री जे घडलं त्यानंतर मला कुणीतरी पुन्हा पहिल्यापासून शिकवायला हवं होतं.

आधी ती रात्र सांगते, म्हणजे मी या दोन दिवसांकडे कोणत्या नजरेने पाहिलं ते कळेल. उतरणाऱ्या विमानांची लांब रांग होती आणि अ‍ॅप्रोचची फ्रीक्वेन्सी एका शब्दालाही फट नाही इतकी भरलेली. आम्ही ७,००० फुटांवर होतो. आमच्याच कंपनीचं दुसरं विमान थोडं पुढे, दोघांच्या कॉलसाइनमध्ये, म्हणजे रेडिओवरच्या नावात, तेच तीन आकडे, फक्त क्रम वेगळा. ४,००० फुटांपर्यंत खाली येण्याची परवानगी मी ऐकली आणि लगेच वाचून दाखवली, म्हणजे रेडिओवर तशीच परत म्हटली. याला रीडबॅक म्हणतात. त्याच क्षणी पुढच्या विमानानेही तीच वाचून दाखवली. विमानांचा रेडिओ अजूनही एएम पद्धतीचा आहे. दोघं एकदम बोलले की ऐकणाऱ्याला नुसती शिट्टी ऐकू येते, किंवा ज्याचा सिग्नल जोरदार त्याचाच आवाज पोचतो. बोलणाऱ्याला मात्र आपलं बोलणं दबलं हे समजायला काही मार्ग नसतो. कंट्रोलरला पुढच्या विमानाचं रीडबॅक ऐकू गेलं, ते बरोबर होतं, तो पुढच्या कामाला लागला.

कॅप्टनने मला विचारलं, "आपल्यालाच होतं ना ते?"

मी म्हणाले, "हो सर."

आम्ही साडेतीनशे-चारशे फूट खाली आलो तेव्हा कंट्रोलरने आमची उंची विचारली. परवानगी पुढच्या विमानाची होती. आम्ही थांबलो आणि परत ७,०००ला गेलो. विमानांमधलं अंतर पुरेसं होतं, कुणाला काही झालं नाही. रिपोर्ट भरला. पण ते "हो सर" माझ्या डोक्यातून गेलं नाही. कॅप्टनने विचारलं तेव्हा मला खात्री नव्हती. कॉलसाइनचा पहिला आकडा नीट ऐकू आला नव्हता, हे मला त्या क्षणीही ठाऊक होतं. इतक्या गर्दीच्या फ्रीक्वेन्सीवर पुन्हा विचारून कंट्रोलरला त्रास कशाला द्यायचा, एवढाच विचार मी केला होता.

या कार्यशाळेने माझा नेमका हा गैरसमज मोडला. त्यासाठी मी तिला पैकीच्या पैकी गुण देते. बाकी बाबतीत थोडे कमी देईन, ते पुढे येईलच.

बॅचमध्ये आम्ही बाराजण होतो, सात पायलट आणि पाच कंट्रोलर. शिकवणारे दोघं : एक निवृत्त अ‍ॅप्रोच कंट्रोलर, दुसरे जुने ट्रेनिंग कॅप्टन. पहिली सकाळ केवळ ऐकण्याची. सरांनी दिवे मंद केले आणि १९८९ सालच्या फ्लाइंग टायगर ६६ या मालवाहू बोइंग ७४७चं शेवटचं संभाषण सपाट आवाजात वाचून दाखवलं. क्वालालंपूरच्या सुबांग विमानतळावर उतरताना कंट्रोलर म्हणाला होता, "डिसेंड टू फोर झीरो झीरो." त्याला म्हणायचं होतं २,४०० फूट. कॉकपिटमध्ये ते ऐकू आलं "४०० पर्यंत खाली या" असं, कारण इंग्रजीत दोनचा आकडा आणि "पर्यंत" हे दोन्ही कानाला सारखेच. उत्तर गेलं, "ओके, फोर झीरो झीरो." हे चुकीचं रीडबॅक कुणी पकडलं नाही. विमान साधारण ४३७ फुटांवर टेकडीला धडकलं, चौघं गेले. जमीन जवळ आल्याची यंत्राची सूचना कॉकपिटमध्ये वाजत होती, तिकडेही लक्ष दिलं गेलं नाही.

ही गोष्ट मी आधी अनेकदा वाचली होती. पण सरांनी वाचल्यावर आम्हा प्रत्येकाला कागदावर उंची लिहायला सांगितली. बारापैकी चौघांनी ४०० लिहिलं, आणि गोष्ट सगळ्यांना माहीत होती! मग त्यांनी तीच सूचना आजच्या पद्धतीने दिली : "टू" नंतर "अल्टिट्यूड" हा शब्द, मग "टू थाउजंड फोर हंड्रेड", शेवटी "फीट". कुणाचंही चुकलं नाही. प्रमाण वाक्यरचना कशासाठी आहे हे परीक्षेला पाठ करताना मला कधी इतकं स्वच्छ दिसलं नव्हतं.

दुपारनंतर खुर्च्या बदलल्या. कार्यशाळेचा खरा गाभा इथे आहे आणि वेळही त्यांनी इथेच सर्वात जास्त दिला, हे योग्य केलं. पायलट रडारच्या पडद्यासमोर आणि कंट्रोलर कॉकपिटच्या सिम्युलेटरमध्ये. मला आधी सहा विमानं दिली, पुढे नऊ केली. शेजारच्या खोलीत प्रशिक्षक पायलट बनून बोलत होते आणि मधूनमधून मुद्दाम चुकीचं रीडबॅक देत होते. हे आम्हाला सांगितलेलं होतं, म्हणजे कान टवकारूनच बसले होते. चाळीस मिनिटांत अकरा चुका पेरल्या होत्या. मी सहा पकडल्या.

सुटलेल्या पाच ऐकवल्या तेव्हा पोटात गोळा आला. मी १८० नॉट वेग सांगितला, समोरून १६० आलं आणि मी शांतपणे पुढच्या विमानाकडे वळले. का? सूचना दिल्या क्षणी माझ्या मनात ते विमान १८०वर गेलेलं असतं. रीडबॅक येतं तेव्हा मी तिसऱ्या विमानाचं वळण मोजत असते. आवाज कानावर येतो, मात्र ऐकते मी माझंच वाक्य. कंट्रोलर लोक याला हिअरबॅकची चूक म्हणतात. इतकी वर्षं मी रीडबॅक देऊन गप्प बसत होते आणि कंट्रोलर गप्प राहिला म्हणजे बरोबर, असं धरत होते. त्या खुर्चीत बसल्यावर कळलं की त्या शांततेचा अर्थ "बरोबर आहे" असा असतो, तसा "मी ऐकलंच नाही" असाही असतो, आणि दोन्ही शांतता सारख्याच असतात.

आता "से अगेन"बद्दल, म्हणजे "पुन्हा सांगा". माझ्या नऊ विमानांपैकी एका पायलटने तीनदा "से अगेन" म्हटलं. मला वाटलं होतं मी वैतागेन. झालं उलटंच. ज्याने पुन्हा विचारलं त्याच्याबद्दल मी निर्धास्त होते, कारण त्याच्याकडे आता काय पोचलंय हे मला पक्कं ठाऊक होतं. मला भीती वाटली ती भराभर, आत्मविश्वासाने, अर्धा कॉलसाइन गिळून उत्तर देणाऱ्याची. आणि नुसतं "रॉजर" म्हणणाऱ्याची. "रॉजर"चा अर्थ तुमचं बोलणं मिळालं, इतकाच. उंची, दिशा, वेग, धावपट्टी, अल्टिमीटरचा (उंची दाखवणाऱ्या यंत्राचा) आकडा हे सगळं परत म्हणायलाच हवं, तिथे "रॉजर" चालत नाही. नियम म्हणून हे मी विद्यार्थिदशेपासून जाणते. त्या दुपारी मात्र एका "रॉजर"नंतर त्या विमानाचा ठिपका कुठल्या उंचीवर थांबणार याची वाट बघत मी श्वास रोखून बसले होते.

मी निवृत्त कंट्रोलर सरांना विचारलं, खऱ्या कामात पुन्हा विचारणाऱ्यांचा राग येत नाही? ते म्हणाले, "बाई, तीन सेकंद जातात. चुकलेलं विमान परत जागेवर आणायला मला तीन मिनिटं लागतात, आणि त्या तीन मिनिटांत बाकीचे आठ माझ्याविना उडत असतात." हे मला आठ वर्षांपूर्वी कुणीतरी सांगायला हवं होतं.

तिकडे कॉकपिटमध्ये बसलेल्या कंट्रोलरांचंही काही तरी हललं. लँडिंगची चेकलिस्ट, फ्लॅप, वेग कमी करणं आणि त्यातच लांबलचक सूचना : वळण, उंची, वेग आणि फ्रीक्वेन्सीतला बदल एका दमात. एक तरुण कंट्रोलर मुलगी बाहेर येऊन म्हणाली, यापुढे मी एका श्वासात दोनच गोष्टी सांगेन. तिच्या चेहऱ्यावर घाम होता.

दुसऱ्या दिवसाची सकाळ सर्वोत्तम की संध्याकाळ, हे मला ठरवता येत नाही. सकाळी अल्टिमीटरचा सराव होता. त्याला आधार २०२२ सालच्या मे महिन्यातल्या पॅरिसच्या घटनेचा. शार्ल द गॉल विमानतळावर उतरणाऱ्या एका एअरबस ए३२० विमानाला कंट्रोलरने अल्टिमीटरमध्ये लावायचा हवेचा दाब १००१ ऐवजी १०११ हेक्टोपास्कल सांगितला. क्रूने १०११ बिनचूक वाचून दाखवला. दहा हेक्टोपास्कल म्हणजे जवळजवळ २८० फूट. पावसात, ढगात, अल्टिमीटर जी उंची दाखवत होता तिच्यापेक्षा विमान तेवढं खाली होतं. निर्णयाच्या उंचीवर धावपट्टी दिसली नाही म्हणून क्रूने गो-अराउंड केलं, म्हणजे न उतरता विमान पुन्हा वर नेलं. त्यात चाकं आणि जमीन यांच्यातलं अंतर एका क्षणी ६ फूट उरलं होतं, आणि धावपट्टी अजून दीड किलोमीटरच्या आसपास पुढे होती. दुसऱ्या प्रयत्नातही तोच चुकीचा आकडा लागलेला होता, यावेळी धावपट्टी दिसली म्हणून ते नीट उतरले.

ही घटना निवडल्याबद्दल मी या लोकांची आभारी आहे. आपण सगळे रीडबॅकला शेवटचं कुलूप समजतो. इथे रीडबॅक निर्दोष होतं. दोघांचं पूर्ण एकमत होतं, चुकीच्या आकड्यावर. सरावात आम्हाला दर वेळी मिळालेला दाब आधी ऐकलेल्या हवामानाच्या ध्वनिमुद्रित माहितीशी ताडून मोठ्याने बोलायला लावलं. मला दोनदा पेरलेला चुकीचा आकडा दिला, दोन्ही वेळा पकडला. घरी आल्यापासून प्रत्येक उड्डाणात करते.

याच सत्रात सॅन फ्रान्सिस्कोचं २०१७ सालचं प्रकरण झालं. एअर कॅनडा ७५९ रात्री २८ उजवी या धावपट्टीऐवजी शेजारच्या टॅक्सीवेच्या (विमानं धावपट्टीपर्यंत ये-जा करतात त्या रस्त्याच्या) रेषेत उतरत होतं, खाली चार विमानं उभी. क्रूला धावपट्टीवर दिवे दिसत होते, म्हणून त्यांनी लँडिंगच्या परवानगीची खात्री करून घेतली. कंट्रोलरने खात्री दिली, धावपट्टीवर कुणी नाही असंही सांगितलं. प्रश्न बरोबर, उत्तरही खरं. पण एकजण टॅक्सीवे पाहत होता आणि दुसरा रिकामी धावपट्टी. टॅक्सीवेवरच्या एका पायलटने रेडिओवर आवाज दिला, गो-अराउंड झालं, तोवर विमान ६० फुटांच्या आसपास खाली आलेलं होतं. "मला काहीतरी विचित्र दिसतंय" हे रेडिओवर कोणत्या शब्दांत सांगायचं, याचा अर्धा तास सराव घेतला. प्रमाण शब्द संपतात तिथे साधी, छोटी वाक्यं लागतात, आणि तीही सरावाने येतात.

आता तक्रारी. अपघातांच्या अभ्यासाचं सत्र विस्कळीत होतं. तेनेरिफवर पूर्ण तास गेला. धावपट्टीवर दोन विमानांची धडक झालेला १९७७चा तो अपघात, ५८३ मृत्यू, या विषयात तो टाळता येणार नाही हे मान्य. पण तो उड्डाणाच्या वेळचा, आणि कार्यशाळेच्या नावात अ‍ॅप्रोच आहे. उलट १९७४च्या टीडब्ल्यूए ५१४ या प्रवासी विमानाचं प्रकरण दहा मिनिटांत उरकलं. विमानतळ अजून सुमारे ४४ नॉटिकल मैल दूर असताना "अ‍ॅप्रोचला क्लिअर्ड" हे शब्द आले. क्रूला वाटलं, आता १,८०० फुटांवर उतरायला मोकळीक आहे, मध्ये डोंगर असता तर कंट्रोलरने सोडलंच नसतं. कंट्रोलरच्या बाजूने, डोंगर सांभाळणं हे पायलटचं काम होतं. व्हर्जिनियातल्या त्या डोंगरावर ९२ माणसं गेली. त्यातली सर्वात बोचरी गोष्ट तर सांगितलीच नाही : काही आठवड्यांपूर्वी दुसऱ्या कंपनीचं विमान त्याच गैरसमजातून थोडक्यात वाचलं होतं आणि त्या कंपनीने आपल्या पायलटांना सावधही केलं होतं. बाकीच्यांपर्यंत ते पोचवणारी व्यवस्थाच नव्हती. अमेरिकेत नासाकडे गोपनीय रिपोर्ट पाठवायची पद्धत १९७६पासून सुरू झाली, तिच्यामागे हा अपघात आहे. ज्यांनी आदल्या वर्षी माझ्यासारखा रिपोर्ट भरलाय त्यांना हे ऐकून किती बळ आलं असतं.

कोलंबियातल्या काली शहराजवळच्या १९९५च्या अपघाताचंही तसंच. कंट्रोलरकडे रडार नव्हतं. त्याने काली बीकनपर्यंतची (विमानांना दिशा दाखवणाऱ्या रेडिओ केंद्रापर्यंतची) परवानगी दिली, पायलटने ती "डायरेक्ट" हा शब्द घालून वाचून दाखवली, आणि मधला टुलुआचा बिंदू संगणकातून पुसला गेला. पुढे क्रूने केलेल्या विनंत्यांचा कंट्रोलरला मेळ लागत नव्हता. आपल्या भाषेत, स्पॅनिशमध्ये, बोलणारा पायलट असता तर मी त्याला हे सांगितलं असतं, असं त्याने तपासात म्हटलं. १५९ जण गेले. आमच्या बॅचमधल्या पाच कंट्रोलरांना यावर बोलायचं होतं, दोघांनी हात वर केले होते, आणि स्लाइड पुढे गेली.

इंग्रजीच्या पातळ्यांवरचं सत्र मला निरुपयोगी वाटलं. आंतरराष्ट्रीय काम करायला किमान चौथी पातळी लागते आणि ती दर तीन वर्षांनी तपासतात, ही परीक्षा आम्ही सगळेच देऊन बसलो आहोत. उच्चार ऐकवण्यासाठी वापरलेल्या ध्वनिफिती कसलेल्या निवेदकांच्या होत्या, स्वच्छ खोलीत केलेल्या. खरा रेडिओ खरखरतो, पहिलं अक्षर कापतो, कारण माणूस बटण दाबायच्या आधी बोलायला लागतो. माझ्या हेडसेटचा डावा कान मधूनच जायचा, सांगूनही बदलला नाही.

सर्वात मोठी उणीव मात्र वेगळी आहे. दुसऱ्या दिवशी दुपारी आव्हियांका ५२चा अभ्यास होता, २५ जानेवारी १९९०. न्यूयॉर्कला उतरण्यासाठी बोइंग ७०७ला हवेत एकूण १ तास १७ मिनिटं थांबवून ठेवलं. इंधन संपत आलं होतं. पहिला अ‍ॅप्रोच जमला नाही. कॅप्टन फर्स्ट ऑफिसरला सांगत होता, आपण इमर्जन्सीत आहोत असं सांग. फर्स्ट ऑफिसरने रेडिओवर दिशा आणि उंची वाचून दाखवली आणि शेवटी जोडलं, आमचं इंधन संपत आलंय. कॅप्टनने पुन्हा विचारलं, सांगितलंस का? त्याने हो म्हटलं. "मेडे" (गंभीर संकटाची ठरलेली हाक) किंवा "इमर्जन्सी" हा शब्द फ्रीक्वेन्सीवर गेलाच नाही. चारही इंजिनं बंद पडली आणि १५८ पैकी ७३ जण गेले. आज त्यासाठी ठरलेले शब्द आहेत : आणखी विलंब परवडत नसेल तर "मिनिमम फ्युएल", आणि उतरताना राखीव इंधनाला हात लागणार असेल तर "मेडे फ्युएल". ते आमच्याकडून घोटवून घेतले, उत्तम.

पण मी तिथे बसून त्या फर्स्ट ऑफिसरचं "हो" ऐकत होते. कॅप्टनने विचारलं, त्याने हो म्हटलं. कंट्रोलर आणि पायलट यांच्यातला घोटाळा त्या आधीच, एका हाताच्या अंतरावर बसलेल्या दोन माणसांमध्ये झाला होता. माझ्या रात्रीही तसंच. आणि या कार्यशाळेत कॅप्टन आणि फर्स्ट ऑफिसर यांना एकत्र बसवून एकही सराव नाही! सिम्युलेटरमध्ये माझ्या शेजारी दोन्ही दिवस कंट्रोलर होते. "सर, मला खात्री नाही, पुन्हा विचारते" हे वाक्य कॅप्टनच्या तोंडावर म्हणायचा सराव मला सर्वात जास्त हवा होता आणि तो मिळाला नाही.

संध्याकाळी दोन दिवसांचं आपापलं ध्वनिमुद्रण ऐकवलं. पहिल्या दिवशी मी फार वेगाने बोलत होते आणि कॉलसाइन शेवटी पुटपुटत होते. दुसऱ्या दिवशी तो नीट ऐकू येत होता, आणि तीन जागी माझं "कन्फर्म" होतं, आवाजात कसलाही संकोच नसलेलं. ती फीत त्यांनी मला दिली, मी जपून ठेवली आहे.

उणिवा मी त्यांच्या अभिप्राय फॉर्ममध्ये लिहिल्या. सरांचा फोन आला. पुढच्या बॅचपासून कॅप्टन आणि फर्स्ट ऑफिसर यांची जोडी करून एक सत्र ठेवायचा विचार आहे म्हणाले. ते झालं तर मी पुन्हा जाईन. त्या रात्री माझ्या डावीकडे बसलेल्या कॅप्टनना विचारलं आहे. ते येतो म्हणालेत.